नामकरण, पितृवंश आणि बहिणाबाईंचे नाव

नाव व्यक्तीची ओळख देते, त्याहून अधिक ते तिचे नाते घोषित करते. महाराष्ट्रातील रूढ त्रिपदी नावात पहिले पद व्यक्तीचे, दुसरे वडिलांचे वा पतीचे, तिसरे कुळाचे असते. आईला त्यात स्थान नसते. बारशाच्या विधीतही हीच व्यवस्था दिसते. बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्या स्त्री असली, तरी ती पितृकुलाच्या वतीनेच बोलते. खानदेशात आढळणाऱ्या उखर्डू, दगडू, नथू अशा नावांत आधीची अपत्ये गमावलेल्या घराचे भय असते: मूल टाकाऊ ठरवून किंवा मुलाचे नाक टोचून नियतीला चकवायचे. अशा नावात आईची आर्तता उमटते. आई अनामच राहते.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार जन्माची नोंद नावावाचूनही होते आणि नाव मागाहून कळविता येते. पदांचा क्रम मात्र रूढीच ठरवीत आली. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने त्यात हस्तक्षेप केला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम शासकीय दस्तऐवजांत ठरला. विवाहितेच्या नावातील पतीचे नाव आणि आडनाव मात्र पूर्वीप्रमाणेच राहिले.

या निर्णयाची मर्यादा एका कवयित्रीच्या नावातून उलगडते. असोद्याच्या महाजन कुटुंबातील मुलगी विवाहानंतर 'बहिणाबाई नथुजी चौधरी' झाली. ज्यांच्यामुळे तिची कविता अत्र्यांपर्यंत पोहोचली, ते पुत्र सोपानदेव नव्या क्रमाने 'सोपान बहिणाबाई नथुजी चौधरी' ठरले असते. तिच्या स्वतःच्या नावात मात्र एका अक्षराचाही फरक पडला नसता.

तो फरक साहित्यव्यवहाराने केला. १९५२ च्या संग्रहाच्या शीर्षकात पती नाही, कुळही नाही. पुढे संत बहिणाबाईंपासून भेद दाखविण्यासाठी 'चौधरी' हे पद आवश्यक ठरले. येथे आडनाव वंशापेक्षा वाङ्मयेतिहासाची गरज भागविते. जळगाव, धुळे व नंदुरबार हे कार्यक्षेत्र असलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये तिचे नाव देण्यात आले, तेव्हा 'नथुजी' गळले आणि आरंभी 'कवयित्री' आले. तिच्या नावातील हे एकच पद तिला जन्माने वा विवाहाने मिळालेले नाही. मुलाच्या नावात आईला जागा देणारा कायदा आईच्या स्वतःच्या नावापाशी थांबतो. तेथून पुढचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.