रानाचे वर्णन आणि रानाचा इतिहास

मराठीतील रानाविषयीचे लेखन दोन प्रवाहांत विभागले गेले आहे. निसर्गवर्णनाची गणना ललित वाङ्मयात होते. रानात राहणाऱ्यांचा इतिहास मात्र चळवळीच्या वा समाजशास्त्राच्या कपाटात जातो. ही विभागणी वाङ्मयीन दृष्ट्या कितपत समर्थनीय आहे, हे दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) आणि गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे ग्रंथ शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

‘ऋतुचक्रा’त महिना हा निरीक्षणाचा घटक आहे. झाड, आकाश, पाणी हीच तेथे बहुधा वाक्याची कर्ती असतात आणि फुलणे, झडणे अशा अकर्मक क्रियापदांवर गद्याचा तोल राहतो. पाहणारे मन सर्वत्र जाणवते. राबणारा हात क्वचितच दिसतो. परुळेकरांच्या ग्रंथात गवत हे कर्ता नसून कर्म आहे. ते कापले जाते, तोलले जाते, मुंबईच्या तबेल्यांसाठी रवाना होते. डहाणू आणि उंबरगाव (१९६० पासून गुजरातेत) या भागांतील वारल्यांनी १९४५ साली वेठ नाकारली व पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मजुरी मागितली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्यास गोळीबार झाला. पंचांगाने पाहता तो आश्विनच होता. एकच महिना एका ग्रंथात शोभेचा, तर दुसऱ्यात मजुरीचा ठरतो.

तथापि परुळेकरांच्या ग्रंथालाही मर्यादा आहे. वारल्यांचे बोलणे बरेचसे निवेदिकेच्या प्रमाण मराठीत उतरते. ‘लग्नगडी’सारखे शब्द तेवढे तग धरून राहतात, कारण लग्नाच्या कर्जापोटी सावकाराकडे राबणाऱ्या माणसाला प्रमाण भाषेत नावच नव्हते. दोन्ही ग्रंथांच्या लेखिका रानाबाहेरून आलेल्या आहेत, हे येथे विसरता येत नाही.

या संदर्भात अमेरिकेतील गवताळ मैदानांवरील लाकोटा जमातीचे लेखक लुथर स्टँडिंग बेअर यांचा ‘लँड ऑफ द स्पॉटेड ईगल’ (१९३३) हा ग्रंथ उद्बोधक ठरतो. ती मैदाने लाकोटांना कधीच ‘रानटी’ वाटली नव्हती. ते विशेषण गोऱ्यांबरोबर आले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भूमीचे वर्णन आणि जमातीचा इतिहास त्यांच्या लेखनात वेगळे काढता येत नाहीत. अर्थात त्यासाठी त्यांना इंग्रजीचा आश्रय घ्यावा लागला, ही त्या यशाची किंमत होय. आपला ‘जंगल’ हा शब्दही निरागस नाही. संस्कृत ‘जाङ्गल’ म्हणजे रुक्ष, विरळ झाडांचा प्रदेश. त्याला घनदाट अरण्याचा अर्थ पुढे चिकटला. प्रदेशाचे नाव बहुधा बाहेरून पाहणारा ठेवतो.

पवईच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न दूरचा नाही. शहरातील तबेल्यांची जनावरे हलविण्यासाठी लगतच्या आरे येथे १९४९ साली दुग्धवसाहत स्थापन झाली. त्याच परिसरात वारल्यांचे पाडे आहेत. गवत, दूध आणि माणूस यांचा संबंध तेथे एका दृष्टिक्षेपात येतो. म्हणून रानाविषयीच्या कोणत्याही मराठी ग्रंथाची परीक्षा करताना वर्णनाच्या सौंदर्याबरोबरच त्यातील वाक्यांचा कर्ता कोण, हेही विचारणे प्राप्त आहे. हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नसून न्यायाचाही आहे.