अॅटोमियम: मोठं केलं ते नेमकं काय?

ब्रुसेल्सच्या अॅटोमियमला सगळे ‘अणू’ म्हणतात. तो अणू नव्हे; लोखंडाच्या स्फटिकातला एक घन आहे, 9 अणूंचा, 165 अब्ज पट मोठा केलेला. 1958च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला, 102 मीटर उंच.

आम्ही सरकत्या जिन्यांनी नळ्यांमधून एका गोळ्यातून दुसऱ्यात गेलो, आणि तिथेच खटकलं. लोखंडात मधला अणू कोपऱ्यांवरच्या आठही अणूंना जवळजवळ चिकटलेला असतो. मधे नळीएवढी जागा नसतेच. म्हणजे इथे मोठं केलंय ते लोखंड नव्हे, वर्गातलं गोळ्या-काड्यांचं मॉडेल! अर्थात, खरं प्रमाण पाळलं असतं तर आम्ही हिंडलो कुठून असतो? घन कोपऱ्यावर उभा केलाय, हे मात्र झकास. खोक्यासारखा सपाट बसवला असता, तर मान वर करून कोण बघत बसलं असतं?