मुन्नाभाईच्या बापूंनी सेवाग्राम पाहिलंच नव्हतं

वर्ध्याचे आहोत असं सांगितलं की समोरचा माणूस ठरावीक दोन गोष्टी बोलतो. आधी, ‘अरे वा, गांधीजींचं सेवाग्राम!’ आणि मग डोळे मिचकावत, ‘तुमच्याकडे दारूबंदी ना?’ लोकप्रिय संस्कृतीत आमच्या जिल्ह्याची जागा साधारण एवढीच आहे. एक पवित्र पत्ता आणि एक विनोद.

गांधींना आपल्या पिढीच्या बोलण्यात आणणारा सिनेमा म्हणजे ‘लगे रहो मुन्नाभाई’. तो सप्टेंबर २००६ मध्ये आला. दिग्दर्शक राजकुमार हिरानी नागपूरचे, म्हणजे सेवाग्रामपासून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवरचे. पण त्यांचे बापू भेटतात मुंबईत, एका ग्रंथालयात. दिलीप प्रभावळकरांनी ते इतक्या हलक्या हाताने उभे केलेत की आजही मोबाईलवर तो प्रसंग लागला की मी पुढे सरकवत नाही. त्या वर्षी सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, तो योग्यच होता.

सिनेमाची सगळ्यात प्रामाणिक जागा मात्र शेवटाकडे आहे. मुन्नाला दिसणारे बापू हा भास आहे आणि मुन्नाने जेवढं वाचलंय तेवढ्याच प्रश्नांची उत्तरं ते देऊ शकतात, हे तिथे कळतं. मला वाटतं, सिनेमाने स्वतःवर केलेली ही सर्वांत नेमकी टीका आहे. कारण या बापूंना बरंच काही माहीत नाही. खरं बोलावं, माफी मागावी, बळकावलेल्या घरासाठी लकी सिंगला फुलं पाठवावीत, हे त्यांना ठाऊक आहे. कापसाला काय भाव मिळतो, हे त्यांना कुणी विचारतच नाही.

वर्ध्यातल्या गांधींचं काम मात्र नेमकं तिथूनच सुरू होतं. ते १९३६ मध्ये शेगावात राहायला आले; त्या गावाचं पुढे सेवाग्राम झालं. मातीबांबूची घरं, खादी, १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेली नई तालीम, १९३८ मध्ये सुरू झालेलं मगन संग्रहालय. या सगळ्यामागे प्रश्न एकच होता: शेतात पिकतं त्यातलं गावाच्या हातात किती उरतं? हा प्रश्न गुलाबाचं फूल देऊन सुटत नाही. म्हणूनच तो सिनेमात नसावा.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. जुलै २००६ च्या सुरुवातीला पंतप्रधान मनमोहन सिंग शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भात आले. वर्धा जिल्ह्यातल्या वायफडलाही गेले. सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं आणि त्या सहांत वर्धा होता. दोन महिन्यांनी देशभरच्या थिएटरांत गांधी हसत हसत परत आले. बापूकुटीचा जिल्हा आत्महत्याग्रस्तांच्या यादीत आणि बापू सुपरहिट. असा विरोधाभास पटकथेत लिहिला असता तर भडक वाटला असता.

पण गोष्ट इथे थांबत नाही. त्याच ऑक्टोबरात विदर्भातल्या शेतकऱ्यांनी कर्जाच्या प्रश्नावर बँकेच्या संचालकांपुढे ‘गांधीगिरी’ केली. मुंबईच्या सिनेमाने दिलेला शब्द त्यांनी उचलला आणि सिनेमाने वगळलेल्या प्रश्नाला लावला. लोकप्रिय संस्कृती म्हणजे नुसती करमणूक, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. सिनेमा काय सांगतो याइतकंच प्रेक्षक त्याचं काय करतात हेही महत्त्वाचं असतं. सिनेमावर माझा राग नाही तो त्यामुळेच. त्याने अर्धाच गांधी दिला, पण वापरता येईल असा दिला.

आणि वर्ध्याला हे नवीन नव्हतं. सिनेमाच्या कितीतरी आधी इथे खंजिरी होती. तुकडोजी महाराज १९३६ मध्ये सेवाग्रामला गांधींजवळ राहून गेले. त्यांची भजनं रात्र रात्र गावं जागवायची. सोपे शब्द, पटकन उचलता येईल अशी चाल आणि मागे म्हणणारा जमाव. आजच्या भाषेत सांगायचं तर ती व्हायरल होती. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात ‘इंग्रजांनी चालते व्हावे’ असा ठराव केला. महिन्याभराने, १६ ऑगस्टला, याच जिल्ह्यातल्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला, माणसं गेली. त्या भागात हे वारं पसरवण्यात तुकडोजींच्या भजनांचा मोठा वाटा होता. सरकारने महाराजांना तुरुंगात टाकलं ते उगाच नाही.

तरी आष्टीवर गाजलेला सिनेमा नाही. आमची बोली टीव्हीवर येते ती बहुतेक हसवायला. भारत गणेशपुरे ती झकास बोलतात, प्रश्न त्यांचा नाही. प्रश्न हा की त्याच बोलीत कुणी गंभीरपणे प्रेम किंवा कर्ज यांबद्दल बोलताना पडद्यावर किती वेळा दिसतं?

२०११ मध्ये बातमी आली की सेवाग्राम आश्रमातून गांधींचा चष्मा चोरीला गेलाय. तीन वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच आकाराचा चष्मा स्वच्छ भारतचं बोधचिन्ह म्हणून देशभर भिंतींवर आला, पुढे नोटांवरही. वस्तू हरवली, चिन्ह उरलं. गांधींचं लोकप्रिय संस्कृतीत जे झालं, त्याचं यापेक्षा नेमकं वर्णन मला करता येणार नाही.

म्हणून वर्ध्यावर पुढचा सिनेमा, वेबसिरीज किंवा अगदी रील करणाऱ्यांना एक सांगणं आहे. बापूकुटीचा शॉट जरूर घ्या, संध्याकाळच्या प्रार्थनेचाही घ्या. मग कॅमेरा तिथून बाहेर काढा आणि कापसाच्या गाडीमागे हिंगणघाटच्या बाजारापर्यंत जा. तिथे भाव ठरताना शेतकऱ्याचा चेहरा टिपा. मुन्नाच्या बापूंनी जे वाचलं नव्हतं, ते तिथे आहे.