काळ्या इस्रायलची आई

मावळातल्या पोराला ज्यू म्हटलं की हिटलर आठवतो, नाहीतर सिनेमातली नादिरा. पण आपला बोरघाट उतरलं की खाली पूर्वीचा कुलाबा, आणि तिथल्या गावांत एके काळी घाणा चालवणारे शनवार तेली. शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव. तेच बेने इस्रायल. बोलणं मराठी, आडनावं केहीमकर, पेणकर, रोहेकर. आपल्यासारखीच गावावरनं पडलेली. (त्यांच्या श्रद्धेतलं खंडाळा मात्र आपलं नव्हे, अलिबागेकडचं. तिथल्या खडकावर एलिया संदेष्ट्याच्या रथाची खूण दाखवतात.)

या समाजातल्या बाईवर जे लिहिलं जातं त्याबद्दल माझं भांडण आहे. लिहिणारे एक तर स्वयंपाकघरात थांबतात. बाई शब्बाथचा दिवा लावते, मलिद्याचे पोहे भिजवते, मेंदीला गाणी म्हणते, संपलं. नाहीतर मग कर्तबगार बायांची यादी. डॉ. जेरुशा झिराड, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, १९६६ ची पद्मश्री. रिबेका रूबेन, इस्रायली शाळेच्या मुख्याध्यापिका. मोठ्या बाया, वाद नाही. झिराडबाईंनी तर १९२५ साली मुंबईत उदारमतवादी ज्यूईश रिलिजस युनियन उभी करायला पुढाकार घेतला, आणि तोही जिथं प्रार्थनेला लागणाऱ्या दहा माणसांत परंपरेनं बाई धरत नाहीत अशा धर्मात. मला त्याहून जवळच्या वाटतात मीरा महादेवन. बेने इस्रायल घरावर त्यांनी ‘अपना घर’ ही हिंदी कादंबरी लिहिली आणि १९६९ साली दिल्लीत बांधकामावरच्या मजूर बायांच्या पोरांसाठी पाळणाघर काढलं.

पण या यादीत एक बाई येतच नाही. काळ्या इस्रायलची आई.

हाईम समुएल केहीमकरांनी १८९७ साली लिहिलेला आपल्या समाजाचा इतिहास १९३७ साली छापला गेला. त्यात समाजाचे दोन भाग आहेत, गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल. बाप इस्रायली, आई कोकणातल्याच दुसऱ्या जातीतली, ती संतती काळी. शिफ्रा स्ट्रायझॉवर यांच्या १९७१ च्या पुस्तकातही हे येतं. गोऱ्याकाळ्यांत रोटीबेटी नाही, गोऱ्यांच्या भांड्यांना काळ्यांनी हात लावायचा नाही, सिनेगॉगमधला द्राक्षरसाचा प्याला त्यांना शेवटी. मित्रांनो, ही भांडी ओळखीची वाटतात ना? विसाव्या शतकात हा भेद विरत गेला हे खरं. पण पुस्तकात ती आई फक्त ‘परकी बाई’ म्हणून उरते. ती कुठल्या वाड्यातली, लग्न लागलं की ठेवली, पोराला हिणवलं तेव्हा काय बोलली, एक ओळ नाही.

बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये निबंध वाचला, त्यात सांगितलं की जात टिकते ती जातीतच लग्न लावून, आणि त्याची किंमत बाई भरते. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. बेने इस्रायलांचा इतिहास त्या निबंधाशेजारी ठेवून वाचा. यहुदी धर्मशास्त्रात विधवेला लग्न करायची मोकळीक आहे. कोकणात येऊन या समाजानं शेजारच्या वरच्या जातींची रीत उचलली आणि विधवेचं लग्न वाईट ठरवलं. देव वेगळा, शास्त्र वेगळं, बाईवरचं कुलूप तेच.

आणि मग नियतीनं गंमत केली म्हणा. यहुदीपण आईकडनं येतं. बेने इस्रायल इस्रायलला गेले तेव्हा १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीनं फर्मान काढलं, यांचं लग्न लावण्याआधी आई, आईची आई, तिचीही आई तपासा. म्हणजे इकडं जे गोरे म्हणवत होते तेही तिकडं संशयित ठरले. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेमला धरणं धरलं, आणि १९६४ साली तिथल्या सरकारला जाहीर करावं लागलं की हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. लढा न्याय्यच होता. पण या लढ्याबद्दल लिहिणाऱ्यांनी त्याला जोडून विचारायला हवं होतं, की आईची तपासणी आपल्याला झोंबली, तर आपण कुलाब्यात काळ्या इस्रायलच्या आईचं काय केलं होतं?

आपल्या कार्ल्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षुणींची नावं दगडात वाचायला मिळतात. कुणी काय दान दिलं तेही. ते वाचून आलेल्या माणसाला केहीमकरांचं पुस्तक बायांच्या बाबतीत फार मुकं वाटतं.

बेने इस्रायल म्हाताऱ्या बायांची गाणी, कीर्तनं मराठीत आहेत. परदेशी संशोधकाला दुभाषा लागतो, आपल्याला नाही. गाण्यात सवत येते का, दासी येते का, ते ऐकून लिहून घेता येईल. रास्ता पेठेतलं सुक्कत श्लोमो १९२१ पासून उभं आहे. लोणावळ्याहून लोकलनं पुणे स्टेशन, तिथनं चालत.