पॅक्सॉसचे बुडालेले खलाशी

एकाच डेटाबेसच्या पाच प्रती पाच सर्व्हरांवर ठेवल्या आणि त्यांतले काही मधेच बंद पडू लागले, तर खरी नोंद कोणती हे कोणी ठरवायचे? या रुक्ष प्रश्नावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९९० साली जो शोधनिबंध सादर केला, तो मी रूपककथा म्हणून वाचतो. ‘द पार्ट-टाइम पार्लमेंट’ हे त्याचे नाव. पॅक्सॉस या ग्रीक बेटावरच्या प्राचीन लोकसभेचे जणू उत्खनन चालले आहे, असा त्याचा आव आहे. सभासद मनाला येईल तेव्हा सभागृहात येतात आणि निघून जातात. प्रत्येकाची वही वेगळी, शाई मात्र न पुसणारी. निरोपे उशिरा पोचतात किंवा पोचतच नाहीत. तरीही ठराव टिकतात, कारण कोणत्याही दोन बहुमतांत निदान एक सभासद समान असतो आणि आधीच्या ठरावाची आठवण त्याच्या वहीत असते.

परीक्षकांनी पॅक्सॉसची गोष्ट काढून टाका म्हटले. लॅम्पोर्ट यांनी निबंधच बाजूला ठेवला. तो छापून आला १९९८ मध्ये. पुढे २००१ मध्ये त्यांनी गोष्ट वगळून तोच विचार सोप्या भाषेत मांडला, आणि आपला विनोद फसला अशी कबुलीही दिली. या बाबतीत मी लेखकाच्याच विरोधात आहे.

माझा पुरावा निबंधातल्या खलाशांचा. लोकसभेचे सभासद कोण, हेही ठरावानेच ठरत असे. जहाज फुटून बुडालेल्या खलाशांच्या सन्मानाचा एक ठराव होता. लिहिण्यातल्या चुकीने त्याचा अर्थ ‘हेच खलाशी आता एकमेव सभासद’ असा झाला. तो मंजूर झाला आणि पुढे काहीच मंजूर होईना, चूक सुधारण्याचा ठरावसुद्धा. शेवटी एका सेनापतीने सत्ता बळकावली. नियम कुठेही मोडला नव्हता, हे यातले भयंकर. आजही पाचांपैकी तीन सर्व्हर कायमचे गेले, तर उरलेल्या दोघांकडे नोंदी असतात, पण निर्णयाचा अधिकार नसतो. मग व्यवस्थापक सदस्ययादी बळाने बदलतो. तो लॅम्पोर्ट यांचा सेनापतीच. सिद्धतेत हे सारे एका गृहीतकात मावते. ते गृहीतक तुटले की काय ओढवते, ते गोष्टच दाखवते.

म्हणून भूमिकांच्या नावांबद्दल मी हट्टी आहे. ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ ही जोडी मायएसक्यूएलने २०२० मध्ये सोडण्याचे जाहीर केले, ते योग्यच झाले. पण २०१४ च्या राफ्ट निबंधातले ‘लीडर’ आणि ‘फॉलोअर’ तरी कुठे खरे आहेत? राफ्ट समजायला सोपे आहे, हे मान्य. त्याच्या कर्त्यांनी ४३ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली, त्यांतल्या ३३ जणांना पॅक्सॉसपेक्षा राफ्टच्या प्रश्नांत अधिक गुण मिळाले. पण त्यातला ‘फॉलोअर’ मत देतो, आणि ज्या उमेदवाराची नोंदवही आपल्यापेक्षा मागे आहे त्याला साफ नाकारतो. आपल्याकडचा अनुयायी असे काही करताना मी तरी पाहिलेला नाही. मोंगोडीबीतला ‘आर्बिटर’ तर त्याहून विचित्र: नाव लवादाचे, काम फक्त एक मत वाढवण्याचे, आणि स्वतःजवळ विदा काहीच नाही.

मराठीत या विषयावर कोणी लिहायला घेतले, तर ‘फॉलोअर’साठी ‘अनुयायी’ नको, ‘सभासद’ लिहावे.