कंसातले अब्बा

नवोदितांच्या कथा वाचण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. पूर्वी त्या फुलस्केप कागदावर येत, आता मोबाईलवरही येतात. एक गोष्ट मात्र बदललेली नाही. पहिल्याच पानावर 'अब्बा (वडील)' येतात, पाठोपाठ 'सालन (कालवण)' येते. एकदा तर 'ईद (मुसलमानांचा सण)' असेही आम्ही वाचले. लिहिणारा मुसलमान, वार्षिक मुस्लिम लेखकांचे, वाचणारेही बहुतेक आपलेच. मग हा कंस कोणासाठी?

विचारले की उत्तर ठरलेले असते, "सर, त्यांना कळायला हवे ना!" हे 'ते' म्हणजे पुण्या-मुंबईचे संपादक, स्पर्धेचे परीक्षक, शाळेत निबंधाला गुण देणारे गुरुजी. नवोदिताच्या मानगुटीवर हा न दिसणारा वाचक बसलेला असतो आणि त्याला समजावता समजावता लेखक आपल्याच घरात पाहुण्यासारखा वावरू लागतो. लेखन कसे सुधारावे असे विचारणाऱ्याला भरपूर वाचा, शब्दसंग्रह वाढवा असे सांगण्याची पद्धत आहे. तो सल्ला चुकीचा नाही. पण आमच्या मते आधी हा पाहुणेपणा गेला पाहिजे.

त्याने सर्वांत जास्त नुकसान होते ते संवादांचे. मराठवाड्यातल्या एका तरुणाच्या कथेत तलाक होऊन माहेरी परतलेल्या मुलीला आई म्हणते, "बेटी, तुझी ही अवस्था पाहून माझे अंतःकरण विदीर्ण झाले आहे." आम्ही त्याला विचारले, तुमची अम्मी अशा वेळी काय म्हणाली असती? तो लाजला. मग हळूच म्हणाला, "भूकी नक्को सो, दो निवाले तो खा ले." अख्खी कथा या वाक्यात होती. ते त्याने लिहिले नव्हते, कारण ते 'मराठी' नाही असे त्याला वाटत होते.

आता या 'नक्को'चेच पाहा. दखनीने तो मराठीकडूनच घेतला. 'वहींच', 'अबीच' यांतला ठासून सांगणारा 'च'ही मराठीचा. उलट, लिहिण्याच्या कामातले रोजचे मराठी शब्द पाहा : कागद, शाई, दौत, मजकूर, मसुदा, दुरुस्ती, नक्कल. सगळे अरबी-फारसीच्या वाटेने आलेले. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने राज्यकारभारातील अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. १९२५ साली फारसी-मराठी कोश देणारे माधव जूलियन पुढे स्वतःच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. तरी मसुदा मसुदाच राहिला आणि दुरुस्तीही दुरुस्तीच. तेव्हा आपल्या घरची बोली मराठीच्या दाराबाहेर उभी आहे, हा न्यूनगंड आपण कशासाठी बाळगायचा?

हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी १९६५ साली आली. दलवाईंच्या सामाजिक भूमिकेशी मतभेद असणारे आपल्यात कमी नाहीत. ते बाजूला ठेवूनही ही कादंबरी नवोदितांनी कथनासाठी वाचावी. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या गावी परतलेला निवेदक, त्याचे घर, गावातल्या जातीजमातींचे ताणलेले संबंध हे सारे आतल्या माणसाच्या नजरेने येते. गाव स्वच्छ, गुण्यागोविंदाचे दाखवण्याची घाई तिथे नाही. आपल्या नवोदितांना ती घाई फार. दंगलीची कथा असली की शेवटी राम आणि रहीम गळ्यात गळा घालतात आणि कोणीतरी एकात्मतेवर अर्धे पान बोलतो. आपल्यावर संशय घेतला जाईल या भीतीतून हे भाषण येते, हे आम्हांला कळते. भीती खरी आहे. पण मग त्या भीतीचीच कथा लिहा ना! तिचे प्रमाणपत्र कशाला करता?

याचे दुसरे टोकही आहे. कंस काढा म्हटले की काहीजण 'जज्बात', 'तनहाई' यांची खैरात करतात. रत्नागिरी-रायगडकडच्या कोकणी मुसलमानाच्या घरची बोली ना ही, ना दखनी. तिथल्या पात्राच्या तोंडी सिनेमातली उर्दू घालणे म्हणजे पुन्हा उसने कपडेच.

आम्ही नवोदितांना एक साधे काम सांगतो. कथा लिहून झाली की महिनाभर ठेवून द्या. मग घरातल्या कोणाला तरी, शक्यतो शाळा फार न शिकलेल्या माणसाला, मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारा जिथे जांभई देतो किंवा नको तिथे हसतो, तिथे पेन्सिलीने खूण करा. बहुतेक वेळा पहिला परिच्छेद जातो, शेवटचा तर जातोच. शुद्धलेखन नंतर कोणीही तपासून देईल.

त्या तरुणाने कथा अम्मीला वाचून दाखवली. 'विदीर्ण' शब्दावर तिने विचारले, "ये क्या होता रे?" दुसरा मसुदा घेऊन तो आला तेव्हा भाषण गेले होते, अब्बा कंसातून सुटले होते, आईच्या तोंडी तिचेच वाक्य आले होते. मुलीच्या नवऱ्याचे पात्र अजून कच्चे आहे. तो फक्त ओरडतो, का ओरडतो ते कळत नाही. कथा आम्ही परत दिली. तिसरा मसुदा तो लिहितो आहे.