दुःखातली उघडी ओंजळ : टिळक दांपत्याच्या लेखनावर एक चिंतन

॥ रामकृष्णहरी ॥

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी वरठीला थांबते, तुमसर रोड मागे टाकते, वैनगंगेचा पूल ओलांडते आणि गोंदियावरून राजनांदगावला जाते. आपल्या भंडाऱ्याची माणसे या वाटेने रोज ये-जा करतात. १८९३ च्या सुमारास याच वाटेवर, नोकरीच्या शोधात निघालेल्या एका मराठी कवीची गाडीच्या डब्यात एका परदेशी मिशनऱ्याशी गाठ पडली. त्याने कवीला बायबल वाचण्याचा आग्रह केला. ते कवी म्हणजे नारायण वामन टिळक. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत.

टिळकांचे हे सांगणे ऐकून आपल्यातले काही सुखावतात, तर काही दुखावतात. सुखावणाऱ्यांना तुकोबांचा मोठेपणा दिसतो, दुखावणाऱ्यांना पुलावरून निघून गेलेला माणूस दिसतो. धर्म बदलावा की बदलू नये, हा या चिंतनाचा विषय नाही. ज्याची वाणी तुकोबांच्या अभंगावर पोसली, तो ख्रिस्ताच्या पायाशी बसून दुःखाविषयी काय बोलला, आणि त्याची पत्नी लक्ष्मीबाई काय बोलली, एवढेच पाहायचे आहे. वारकऱ्याने परक्या अंगणातले बोल ऐकावेत ते आपले अंगण झाडण्यासाठी.

हे झाडणे का हवे, ते आधी सांगतो. गावात कोणाकडे दुःख झाले की आपण जातो, ओसरीवर बसतो आणि थोड्या वेळाने कोणीतरी म्हणते, "प्रारब्धाचे भोग, भोगल्यावाचून सुटका नाही." शब्द शास्त्रातला आहे, खोटा नाही. पण ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आपल्या भंडाऱ्यात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. त्या बाळांच्या आयांपुढे जाऊन हा शब्द उच्चारण्याची कोणाची छाती झाली असती? संतांनी प्रारब्ध हा शब्द वापरला तो बहुतेक स्वतःच्या भोगाला. आपल्या दुःखाला लावला तर तो धीर देतो, दुसऱ्याच्या दुःखाला लावला की त्याचा दगड होतो. मग दुसऱ्याच्या दुःखापाशी आपण काय घेऊन जायचे? हा प्रश्न मनात ठेवून टिळकांची 'अभंगांजली' आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचावीत.

'अभंगांजली' हाती घेतली की वारकऱ्याला परके वाटत नाही. छंद आपला, शब्द आपले, लडिवाळपणाही आपला. टिळकांचा ख्रिस्त सिंहासनावर बसलेला न्यायाधीश नाही, तो माउली आहे. आपण ज्ञानोबांना माउली म्हणतो, विठाबाईला आई म्हणतो, तोच कळवळा इथे दुसऱ्या नावाने आला आहे. दुःखाकडे पाहण्याची त्यांची रीतही ओळखीची आहे. दुःख आले म्हणजे देव दूर गेला असे नव्हे. लेकरू तापाने फणफणले की आई उशाशी येऊन बसते, तसा तो अधिक जवळ आला. आणि ख्रिस्ती श्रद्धेत याला एक खोल आधार आहे. तिथला देव दुःख वरून पाहत नाही, स्वतः क्रूसावर चढतो. दुःखी माणसाला तो सांगू शकतो की ही वाट माझ्या पायाखालची आहे. ख्रिस्ती माणसाचा दुःखातला आनंद या सोबतीतून येतो.

जनाबाईसोबत जाते ओढणारा विठ्ठल ज्याला ठाऊक आहे, त्याला ही सोबत समजावून सांगावी लागत नाही. टिळकांच्या अभंगाचे मोठे बळ इथे आहे. दुःखाचे कारण शोधण्यात ते शब्द दवडत नाहीत, दुःखातल्या सोबतीचे गाणे करतात.

पण वारकरी कानाला त्यात एक सूर कमी पडतो. तो भांडणाचा. १६३० च्या दुष्काळाने तुकोबांचे घर मोडले. व्यापार बुडाला, पत्नी अन्नावाचून गेली. त्यानंतरचे तुकोबा देवाशी गोड बोलत नाहीत. ते जाब विचारतात, रुसतात, देवाला दारात उभा करून हिशेब मागतात. नामदेवांचे रुसवे आपण लहानपणापासून ऐकत आलो. चोखोबांनी तर मंदिराच्या दाराबाहेरून विठ्ठलाला आपल्या हीनपणाचे कारण विचारले. भांडण झाल्यावरच मिठी घट्ट होते, ही आपली संतपरंपरा आहे. टिळकांच्या अभंगांत, निदान माझ्या वाचनात, मिठी फार लवकर येते. शरणागती सुंदर आहे, पण तिच्या आधीची रात्र पुरेशी दिसत नाही. ज्याच्या घरात आजच मरण झाले आहे, त्याला हे अभंग आपल्यापेक्षा चार पावले पुढचे वाटतील.

हा उणेपणा ख्रिस्ती धर्माचा म्हणता येणार नाही. बायबलमध्ये ईयोब आहे. सारे गमावलेला तो माणूस राखेत बसून देवाला उलटे प्रश्न करतो, आणि त्याचे मित्र त्याला 'तुझ्याच पापाचे फळ' म्हणून शहाणपण शिकवतात. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर! ओसरीवर बसून प्रारब्ध सांगणाऱ्या आपण सर्वांनी ही कथा एकदा ऐकावी. स्वतः येशूनेही क्रूसावरून देवाला, मला का सोडलेस, असे विचारले. म्हणजे भांडणाचा सूर त्या घरातही आहे. टिळकांनी तो का दाबला असावा? मला वाटते, स्वकीय त्यांना भ्रष्ट म्हणत होते आणि नव्या घरातही सगळे डोळे त्यांच्यावर होते. ज्याच्यावर सतत पाहारा असतो, तो रडताना दिसू इच्छित नाही.

जे अभंगांत कमी पडले, ते लक्ष्मीबाईंच्या गद्यात पुरेपूर उतरले आहे. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. शाळेत न गेलेल्या बाईने उतारवयात सांगितलेली ही हकीकत. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडात गेलेले बालपण, लहान वयात लग्न, न सांगता घरातून निघून जाणारा नवरा, पोटच्या मुलांचे मरण, आणि मग एके दिवशी आलेली बातमी की नवरा ख्रिस्ती झाला. त्यानंतर कितीतरी वर्षे त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. आकांताने जीव नकोसा झाला, हे त्या लपवत नाहीत. आणि सारे सांगताना वाचकाला हसवतात. वडिलांना हसतात, नवऱ्याला हसतात, सर्वांत जास्त स्वतःला हसतात.

हे हसू दुःख झाकण्यासाठी नाही. भोगलेले सगळे नीट मोजून झाल्यावर उरलेले ते बळ आहे. त्यांनी देवाची स्तुती मोजकीच केली आहे. नामस्मरणाची गोडी शोधणाऱ्या भाविकाला हे पुस्तक कोरडे वाटू शकेल. कुठे कुठे मुलाचे मरण त्या इतक्या झपाट्याने ओलांडतात की वाचणाऱ्याला थांबायचे असूनही थांबता येत नाही. ही उणीव मानली तरी त्यांच्या शब्दावर विश्वास बसतो, कारण तिथे आनंदाचा उपदेश नाही.

वारकऱ्याने जिथे पुस्तक खाली ठेवून विचार करावा, अशी जागा वेगळीच आहे. नवऱ्यापासून वेगळ्या राहिलेल्या त्या काळात लक्ष्मीबाई काही दिवस पंढरपुरात होत्या. चंद्रभागा जवळ, महाद्वार जवळ, अठ्ठावीस युगांचा तो उभा. पण सोवळे-ओवळे त्यांच्या मनातून तिथे गेले नाही. ते गेले पुढे, नवऱ्याकडे परतल्यावर. माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांना पडला, आणि उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे त्यांनी ठरवले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या घरात पोरक्या मुलांना आसरा मिळू लागला.

ज्या संप्रदायात काल्याचा घास एकमेकांच्या मुखात घालतात, त्याच्या राजधानीत त्या बाईला हा घास का मिळाला नाही? त्या काळी चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर होती आणि चोखोबांच्या लेकरांना आत जाता येत नव्हते. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. टिळक तुकोबांच्या पुलावरून पलीकडे गेले, याची आपण चर्चा करतो. अलीकडच्या तीरावर आपण काय मांडून ठेवले होते, याचीही करायला हवी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुःखातून आशा आणि आनंद कसा निघतो? तुकोबांची कथा आठवा. दुष्काळाने घर मोडल्यावर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. स्वतः बुडालेल्या माणसाने दुसऱ्याचे देणे बुडवले. लक्ष्मीबाईंनी पोटची मुले गमावली आणि परक्यांची मुले पोटाशी धरली. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभा केला. त्यांच्या अभंगांत जी धग कमी वाटते, ती या त्यागात दिसते. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, त्यांनी देह ठेवला. तिघांच्याही जगण्यात क्रम एकच आहे. आधी घाव, मग देवाशी उघड किंवा मुका वाद, मग ओंजळ उघडणे. आनंद आला तो ओंजळ उघडल्यावर. घाव बसताच 'आनंद मान' असे यांतल्या कोणालाही कोणी सांगितले असते, तर ते पटले नसते.

म्हणून माउली, या चातुर्मासात नित्य पाठ झाल्यावर 'स्मृतिचित्रे' जरूर वाचा. माळ गळ्यात ठेवूनच वाचा, तिला काही होणार नाही. आणि गावात कोणाकडे दुःख झाले तर जाताना प्रारब्ध घरी ठेवून जा. जवळ बसा. तो देवाला बोल लावील, तर लावू द्या. आपल्या संतांनीही लावले आहेत. त्याच्या धानाची रोवणी अडली असेल तर चार हात घेऊन बांधीत उतरा. पोर शाळेत जायचे राहिले असेल तर त्याचे दप्तर पाहा. देव जवळ आहे हे त्याला त्या वेळी शब्दांनी कळणार नाही, पण जात्याला दुसरा हात लागल्याचे कळेल.

॥ रामकृष्णहरी ॥